एक जानेवारी एकोणीसशे सत्तर

कंपनीचं पत्र आलं : जुनी आवृत्ती धोक्याची,
शुक्रवारच्या आत नवी घाला.
घातली. गुरुवारी रात्री, जेवणं आटपून.
निळं बटण, हिरवी पट्टी, ऐंशी टक्के, नव्वद,
मग पांढरं पान.
नुसतं पांढरं, मार्चमधल्या खाडीसारखं,
जिथे बर्फ कुठे संपतो आणि आभाळ कुठे लागतं
ते इथे जन्मलेल्यालाही सांगता येत नाही.

सारेमा बेटावर दीडशे माणसांचं आमचं गाव.
आइता गेली अठरा वर्षं रोज लिहिते :
कोणते पक्षी, किती, वारा कुठला.
लिहिणं तिचं, सांभाळणं माझं.
एका बटणात होत्याचं नव्हतं.
बॅकअप होता. त्याच मशीनवर.
किल्ली आत ठेवून दार ओढून घ्यावं, तसा.

एकेक प्लगइन बंद करत गेलो,
अंधारात फ्यूज चाचपावा तसं.
कॅलेंडर काढलं, नकाशा काढला,
वाऱ्याचा बाण काढला
(तो दोन वर्षं उलटाच दाखवत होता,
कुणी बोललं नव्हतं).
दीड वाजता पान उघडलं.

पण अक्षरं फुटलेली.
आमच्या भाषेत एक ओ आहे, डोक्यावर लाट घेतलेला.
ती लाट उडून बसली होती एका परक्या ए वर,
आणि मागे कसल्याशा मोजमापाचं शेपूट.
चंडोलाच्या नावात तो ओ आहे. चंडोल गेला.
मासे धरायच्या जाळ्यात आहे. जाळं फाटलं.
आनंद या शब्दात तर दोन, लागोपाठ.
तिकडे मी बघितलंच नाही.

सकाळी फोन केला. आइता म्हणाली,
"त्यात काय एवढं, तार्वी?
बेटावरच्या कुणाला तो ओ कधी म्हणता आलाय?
टालिनला नर्सिंग शिकायला गेले
तेव्हा अख्खं वसतिगृह मला तो म्हणायला लावून हसायचं.
तुझं यंत्र इथलं झालं, एवढंच."

अक्षरं दुपारपर्यंत सांधली.
एका ओळीचा आदेश, अकरा हजार ओ.
मग तारखा पाहिल्या.
प्रत्येक नोंदीवर तीच :
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर, पहाटेचे तीन.
यंत्राला काही आठवेनासं झालं
की ते तिथून मोजायला घेतं.
अठरा वर्षांचे हंस, क्रौंच, ईडर बदकं,
शेडमध्ये अडकलेलं ते एक घुबडसुद्धा,
सगळे एकाच पहाटे उतरलेले.

आइता वह्या घेऊन आली, बर्फावरच्या ढकलगाडीवरून,
अठरा वह्या, वर मेणकापड.
चष्मा लावून स्क्रीनकडे बघत राहिली.
"तीनच का?"
म्हटलं, शून्य लंडनचं.
आपली घड्याळं तेव्हा मॉस्कोची, म्हणून तीन.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, मी पंधरा वर्षांची होते.
किनाऱ्यावर जायला परवाना लागायचा.
सैनिक वाळू नांगरून ठेवायचे,
रात्री कुणाचं पाऊल उमटलं तर सकाळी कळावं म्हणून.
"आणि तू त्याच वाळूवर
चाळीस हजार पक्षी उतरवलेस."
हसताना तिचा चष्मा खाली आला.

पुढचे नऊ दिवस ती वाचायची, मी तारीख टाकायचो.
तिसऱ्या वहीत कॉफी सांडली होती,
तिथे आम्ही अंदाजाने गेलो.
एका नोंदीचा मात्र पत्ता लागेना :
धुकं. काही दिसलं नाही.
सतरा धुक्यांत हे कुठलं?
तिने पानं मागेपुढे केली, मग वही मिटली.
"राहू दे तिथेच.
तिथेही खरंच आहे ते."

अजून आहे. सगळ्यांत खाली,
चंडोल, हंस, वारा सगळं ओलांडून गेलं की,
पहाटेचे तीन, आणि धुकं.