खोटी फेरी

नाव : युफेमिया गेलॅटली. वय : अठ्ठ्याहत्तर.
डंडीच्या गिरणीत बावीस वर्षं बंगालचा ताग विणला,
दोन मागांच्या मधे उभं राहून.
श्रवण : जवळजवळ नाही.
हे फॉर्मवर. फॉर्मबाहेर त्या म्हणाल्या,
"बोलताना तोंड इकडे ठेव, रुअरी.
आम्ही सगळ्याजणी ओठ वाचायचो.
पहिल्याच हिवाळ्यात धोट्यांनी कान खाल्ले."

मी कोपराखाली जेल लावलं.
गार आहे, म्हणाल्या, टे नदीत हात घातल्यागत.
मग ट्रान्सड्यूसर टेकवला, पेल्याच्या बुडाएवढा.
हा आवाजच आहे, मी ओठांनी सांगितलं,
कुत्र्यालाही ऐकू येणार नाही इतका वरचा,
तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत गोळा केलेला.
कातडी न उघडता मज्जातंतूवर मारायचा.

"म्हणजे पुन्हा आवाजच!" त्या हसल्या.
"घेऊन गेला, तोच आता परत करायला आलाय होय?"

पहिली फेरी. काही नाही.
दुसरी. तिसरीला भुवई हलली.
"तर्जनीच्या टोकाला. मुंगी.
नाही, मुंगी नव्हे. दोरा."
तिथे तर कुणी शिवलंच नव्हतं.
मज्जातंतूला वाटेत कुठेही अडवा,
पत्ता विचारलात
की तो शेवटचंच घर सांगतो.

सातवी फेरी खोटी होती.
दहात दोन असतात तशा :
पडद्यावर आकडे पळतात, मशीन मुकं.
सांगायचं नसतं. मी मान वळवली
(ओठ वाचणारी बाई भुवयाही वाचणार),
आणि काचेत मला दिसलं :
त्यांचा अंगठा तर्जनीवरून सरकला,
मधलं बोट खालून आलं,
हवेत एक गाठ बसली,
ओढून घट्ट झाली,
उरलेलं टोक नखाने तोडलं.
"ही सगळ्यात स्पष्ट," त्या म्हणाल्या.

तक्त्यात रकाने दोनच.
मी 'चूक'वर खूण केली.
बरोबरच केली.

बाहेर चारलाच अंधारलं होतं.
सीगल कचऱ्याच्या डब्यावर भांडत होते,
त्यांना नुसते दिसत होते, मला ऐकूही येत होते.
जेल पुसायला मी कागद दिला.
त्यांनी आधी बोटं पुसली,
जिथे मी
काहीच लावलं नव्हतं.