थंडीत पास

खोक्यावर छापलंय सात हजार दोनशे.
खोक्यावर काय, काहीही छापतात.
आत दोन पट्ट्या, करड्या धातूचं चिलखत घातलेल्या,
चिक्कीच्या वडीएवढ्या.
देवयानी गांगुर्डे लग्नांचे व्हिडिओ कापते,
तिची दोन अख्खी लग्नं या खोक्यात गेलीत.

कॅनडा कॉर्नरच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर माझं दुकान.
रात्री साडेदहाला चाचणी लावली.
ती एवढंच करते:
घराघरांत एकेक आकडा ठेवून येते,
मग परत जाऊन विचारते, काय ठेवलं होतं?
अब्जावधी घरं,
आणि एकानंही म्हणायचं नाही
‘बहुतेक शून्य असावं.’

बाहेर नऊ अंश. गंगेकडचा वारा
खिडकीच्या फटीतून थेट पट्ट्यांवर.
मी कानटोपीत. चहा दोनदा गार.
पहाटे पाचपर्यंत सात फेऱ्या, चूक एकही नाही.
बिल करायला घेतलं

आणि अण्णा आठवले.
तांबट आळीत घागर ठोकून झाली
तरी ते ती लगेच गिऱ्हाइकाला देत नसत.
उकळतं पाणी भरायचे, बुडाखाली कोरा कागद.
“गार असताना कुणाचीच गळत नाही,” म्हणायचे
आणि काडेपेटी शोधायला लागायचे.

खिडकी लावली. फटीत वर्तमानपत्राचे बोळे.
कॅबिनेटवर माझी गोधडी.
शेजारचा फिरोज तांबोळी शटर उघडता उघडता डोकावला:
“ताप आलाय का त्याला?”
आणायचाच होता.
सिडकोतला तिचा वरचा मजला, पत्र्याचं छत,
एप्रिलातले दुपारचे तीन,
हे सगळं मला डिसेंबरात हवं होतं.

अठ्ठेचाळीस. बावन्न. छप्पन्न.
अकराव्या फेरीला एक लाल ओळ.
एकच.
कुठल्याशा घरात एक ठेवला होता,
त्यानं शून्य सांगितलं.
कदाचित कधी कळलंही नसतं.
कदाचित ऐन मंगलाष्टकांत
नवरीच्या गालावर हिरवा चौकोन उमटला असता.

फोन केला. बदलून आणू का, दहा दिवस लागतील.
“शनिवारी हळद आहे, दादा.”
मग वेग उतरवला. सहा हजार चारशे.
गोधडी तशीच ठेवली, मी कुडकुडलो.
सकाळपर्यंत लाल काही नाही.

फरकाचे पैसे वजा केले, माझ्याच खिशातून,
आणि बिलावर पेनानं लिहिलं:
सहा हजार चारशे, गोधडीसकट.

संध्याकाळी तिचा फोन.
मशीन झकास चालतंय,
पण गोधडी द्यायची राहिली ना?