साक्षीदार चालून दाखवतो

बाबालाल मुजावर, माझे कारकून,
फाइल नावानं ओळखत नाहीत, वजनानं ओळखतात.
“मॅडम, आज वाटणी जड हाय, नदी मध्यम.
चप्पल पिशवीत घेतलीया.”

रिक्षात मांडीवर चतुःसीमा उघडते:
पूर्वेस सार्वजनिक बोळ,
पश्चिमेस मयत धोंडूबाईंचं परसू,
दक्षिणेस वादी, उत्तरेस प्रतिवादी,
आणि मधोमध एक चिंच
जी जुन्या फेरफारात आहे, मोजणीत नाही.
दोघे चुलतभाऊ एकवीस वर्षं
तिच्या सावलीसाठी तारखा घेतात.
सावली कुठल्या गटात पडते
हे मला अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

सकाळी भाऊसिंगजी रोड.
ह्याच बेंचसाठी आम्ही काळे कोट घालून उन्हात बसायचो,
तेव्हा माझे केसही काळे होते.
आता आत पंखा आहे, आणि मी नदीची वकील.
निळ्या पूररेषेच्या आत उठलेल्या
सात मजल्यांबद्दल बोलते:
“माय लॉर्ड, पंचगंगा कुणा एकाची नाही.
तिला ऐसपैस पसरायची सवय आहे,
ती सवय सातबाऱ्याच्या आधीची आहे.”
वाक्य मला आवडलं. न्यायमूर्तींनी लिहूनही घेतलं.
मग पुढची तारीख दिली.

दुपारी कसबा बावडा.
बाकावर गुळाचे दोघे अडते, भागीदार,
अडतीस लाखांचा हिशेब मध्ये,
चार वर्षं एकमेकांशी अक्षर नाही.
पण चुना एकाचा, तंबाखू दुसऱ्याची.
तडजोडीचा मसुदा मी तिथंच पाहिला,
कागदावर उतरवता आला नाही.

आणि मग नागाप्पा सातपुते, वय सत्तर, सुभाषनगर.
पायात रबरी स्लीपर.
त्यांचं म्हणणं एवढंच: आमच्या वहाणेची करकर आमची.
आज्जानं दोन कातड्यांच्या मध्ये विंचू बसवला,
म्हणजे बिया, किती आणि कुठं ते घराबाहेर नाही,
अंधारात पंधरा पावलांवरून कळायचं
की वहाण सातपुत्यांची.
आता एक कंपनी प्लास्टिकची पुंगी घालून
तोच आवाज खोक्यातून विकते.

समोर वकील उपाध्ये. हुशार माणूस.
“करकर ही काय मालमत्ता झाली?
उद्या कुणी दाराच्या बिजागरीवर दावा लावील.
हा आवाज अख्ख्या कोल्हापूरचा आहे,
कुणा एकाचा नाही.”

कुणा एकाचा नाही.
सकाळचं माझंच वाक्य
शहर ओलांडून आलं
आणि पॉलिश केलेल्या बुटांत
माझ्यासमोर उभं राहिलं.

मी उठले. काय बोलले ते रेकॉर्डवर आहे.
रेकॉर्डवर नाही ते असं की
क्षणभर मला उपाध्ये पटले होते,
आणि तरी मी फी घेतलेल्या बाजूनं,
पोटापासून, खरंच बोलले.

कोर्टानं विचारलं, “आवाज ऐकायला मिळेल?”

नागाप्पांनी स्लीपर काढली. पिशवीतली जोडी घातली.
दारापासून डायसपर्यंत अठरा पावलं.
करकर. कर्र. करकर.
मागची कुजबुज थांबली.
पट्टेवाल्यानं उगाच टोपी सारखी केली,
त्याच्या आत कुठंतरी
एखादं वडीलधारं माणूस उंबऱ्यातून आलं असावं.

स्टेनो मुलगी थबकली, बोटं हवेत.
“मॅडम, हे टाइप कसं करू?”
मी जजसाहेबांकडे पाहिलं, त्यांनी खिडकीकडे.
शेवटी जबानीत एवढंच उतरलं:
‘साक्षीदार चालून दाखवतो.’

जोडीला निशाणी एकेचाळीस मिळाली.
सुतळी, लाख, सही.
त्या आवाजालाही आता चतुःसीमा आहे:
लोखंडी कपाट, तिसरा कप्पा, चावी नाझरकडे.

सातपुते स्लीपर ओढत बसस्टॉपकडे गेले, फट फट.
रिक्षात पिशवी रिकामी होती.
बाबालाल तरी ती
दोन्ही हातांनी धरून बसले होते.