तीनचं काही ठरलं नव्हतं

ओझरच्या कारखान्यात गांगुर्डेंनी
एकतीस वर्षं विमानांच्या पंखांना रिव्हेट मारले.
डावा कान तिथेच राहिला,
उजवा अर्धामुर्धा घरी आला.
रिटायर झाल्यावर भंगारातल्या पत्र्याची ही डोंगी केली,
वल्ही जुन्या खाटेची.

वैतरणेच्या फुगवट्यावर ते पुढे, मी मागे.
मागून बोललेलं त्यांना पोचत नाही,
म्हणून पत्र्यावर बोटाने ठरलेलं:
एकदा टक म्हणजे मासा,
दोनदा म्हणजे थांबा, खडक.

दिवसभरात एकदाच वाजवलं, तेही खोटं.
गळाला कुणाचं तरी कुजकं जाळं.
दिवेलागणीला बेटावर उतरता उतरता
हातभर मरळ लागला.
तीन दगड, हळद-मीठ,
त्यांच्या डब्यातल्या नागलीच्या भाकरी.
उतवडवरचा उजेड गेला.
मी विचारलं, "इतक्या पाण्याची भीती नाही वाटत?"
म्हणाले, "हो, मीठ बरोबर पडलंय."

रात्री डोंगी पालथी घालून
दोघांची डोकी तिच्याखाली.
वर दव ठिबकत होतं.
ते पत्र्याला तळहात लावून पडलेले,
ऐकत असावेत.

मग अंधारात त्यांनी वाजवलं.
तीनदा.

मीही तीनदाच वाजवलं.