सदतीस अंश

रबाळ्याच्या एमआयडीसीत, रबरी वायसरच्या शेडमध्ये
दंडाचं बिल आलं त्या आठवड्यात
घरतबाईंनी मला पॅनेलसमोर उभं केलं
आणि त्याच्या दारावर खडूनं लिहिलं:
दाब, दहा अंशांवर.
प्रवाह, उणे सत्तावीस.
"काढ पॉवर."

मी सरळ गुणलं. कोनांची बेरीज उणे सतरा.
बाई हसल्या नाहीत.
"हे सतरा कुणाचे रे?"
खरंच, कुणाचेच नव्हते.
"कोण घड्याळात कितीवर उभा, ते सोड.
एकमेकांपासून किती लांब, तेवढं विचार.
प्रवाहाचं चिन्ह उलटव. मग गुण."

सदतीस.

बहात्तर किलोवॅट, रबर दाबणारे, तापवणारे.
काटकोनात चोपन्न, ज्यांना पुस्तक काल्पनिक म्हणतं.
तिरक्या बाजूला नव्वद, आणि बिल त्यांचं.

"काल्पनिक, तर पैसे खरे कसे?"
छाडवाशेठ चष्मा कपाळावर ढकलून उभे.

बाई म्हणाल्या, हायवेपलीकडे, खाडीच्या अंगाला
माझ्या बापाचं मिठागर होतं, शेठ.
उधाणाचं पाणी उघाडीतून आत यायचं,
ओहोटीला निघून जायचं.
तुमच्या मोटरीत हेच, सेकंदाला शंभर वेळा.
ते पाणी काही दळत नाही, काही उचलत नाही,
पण त्याच्याशिवाय चुंबक उभं राहत नाही.
आणि जाता-येता तार तापते ती तापतेच.

मग शेजारीच कुंड खणायचं.
दुपारी टेम्पोतून कॅपॅसिटर आले, तेहतीसचे.
मोटर परत करील ते त्यांनी घ्यायचं,
ते परत करतील ते मोटरीनं;
खाडीपर्यंत जायला नको.
चोपन्नाचे एकवीस उरले.
नव्वदचे पंच्याहत्तर.
बहात्तर होते तिथेच, कामाला लागलेले.

शेठनी पेढे नाही, सामोसे मागवले.
खाताना मी विचारलं, मिठागराचं काय झालं?
"गेलं. मोबदल्याची फाइल कोकण भवनात आहे.
एकोणीस वर्षं. आकडा मंजूर आहे म्हणतात."

तो आकडा कुठल्या अक्षावर मांडायचा
ते बाईंनी सांगितलं नाही.
ओल्या बोळ्यानं पॅनेलचं दार पुसलं,
सत्तावीसच्या आधीचं उणे तेवढं राहिलं,
आणि कॉम्प्रेसर धडधडत चालू झाला.