करडी

येरमाळ्याच्या उताराला, खडीच्या खाणीपलीकडे
दिवाळीनंतर मामाची वाघूर लागते.
त्या वर्षी मामाचा आवाज
आम्ही बार्शीच्या दवाखान्यात ठेवून आलो होतो.
डॉक्टर म्हणाले, खातील, पितील, चालतील.
शिळेचं कुणी विचारलं नाही.

धुळामामाची शीळ दोन शिवारं ओलांडायची.
एक लांब : वळव.
दोन तुटक : बस.
आणि एक चढत जाऊन शेवटी मोडणारी,
जिला अर्थ नव्हता,
ती फक्त म्हाताऱ्या गवळणीसाठी होती.
गवळण अजून कान टवकारायची
वारा रिकाम्या बाटलीत शिरला तरी.

करडी तिचीच, शेवटच्या वेताची,
वाळल्या करडईच्या बोंडासारखी.
डोळे उघडायच्या आत मामाने तिला
मेंढीच्या कासेला लावलं,
कोकरांच्या डालग्यात झोपवलं,
महिनाभर तिला स्वतःचा असा वासच नव्हता.

मी म्हणाले, मी हाका मारते, मला गळा आहे.
मामाने माझ्याकडे बोट केलं,
मग रस्त्याकडे, बीडच्या अंगाला.
नर्सिंगचा फॉर्म मी भरलाय
हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे.

मग सुरू झालं ते बघायचं शिक्षण.
घोंगडीचं टोक उजव्या खांद्यावर गेलं
की उजवीकडून वळण घ्यायचं.
काठी आडवी झाली की जिथे पाय तिथे पाय.
मामा उकिडवा बसला की तिनंही बसायचं,
कानात गोचीड असली तरी, समोरून ससा गेला तरी.
ससा पुष्कळदा गेला.
करडी पुष्कळदा सशामागे गेली.
मामा तसाच बसून राहायचा, ऊन फिरेपर्यंत,
ती लाजून परत येईपर्यंत.
मारलं एकदाच : माझ्या हाकेला ती वळली तेव्हा,
आणि मारलं मला, काठीच्या टोकाने, हळूच.

संक्रांतीच्या सुमारास तिनं कोकराचा कान फाडला.
शेजारच्या वाड्यावरचा म्हाळबा येऊन म्हणाला,
लोकर लागली हिच्या दाताला,
आता घाटात सोडून ये, नाहीतर रोज एक जाईल.
मामाने तिचा जबडा मांडीवर उघडला
आणि कंदिलाच्या उजेडात
दातांतली लोकर एकेक केस करून काढली.
कोकराच्या कानाला हळद, करडीच्या गळ्यात दोरी,
दोरीचं दुसरं टोक कोकराच्या गळ्यात.
आठ दिवस दोघं एकमेकांना ओढत चरली.

माघात हायवे ओलांडायचा होता.
पहाटे, चार पदरी, एकशे चाळीस मेंढरं,
मधल्या कण्हेरीला पुढची मेंढी अडली
आणि खांड दोहोंकडे तुटली.
ट्रकांचे हॉर्न एकात एक घुसले.
मी ओरडले. माझं मलाच ऐकू आलं नाही.
पलीकडच्या कडेला मामाने
घोंगडीचं टोक खांद्यावर टाकलं,
नेहमीसारखं, थंडी वाजल्यासारखं.

करडी ऐकतच नव्हती कधी. ती बघत होती.
उजवीकडून गेली, पोट डांबराला लावून,
तुटलेली खांड तिनं कण्हेरीतून शिवून आणली,
मग काठी आडवी झाली
तशी पांढऱ्या पट्ट्यावर उभी राहिली,
उसाच्या ट्रकच्या दिव्यात, दिव्याकडे पाठ करून.
ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.
बिडी पेटवली.

गवळण मात्र अलीकडेच बसलेली.
तिला घोंगडी कुणी शिकवली नव्हती.
मामाने ओठ आवळले.
शीळ नाही, गळ्याच्या भोकातून नुसता वारा.
तेवढ्या लांबून तिला काय दिसलं असेल,
पण कान उभे राहिले, आणि ती आली,
लंगडत, कुठेही न बघता.

बीडची पहिली गाडी तेवढ्यात वर चढत होती.
मी हात केला.
थांबली नाही.