विरामांची नावं

धुकं उतरून घरं पुसली गेली की आमच्या गावात
माणसं ओळखायची ती वाद्यांवरून.
चढणीवर धापा टाकतोय तो ट्यूबा म्हणजे एलिखियो.
हौदापाशी अडखळतंय ते क्लॅरिनेट, कुणाचं तरी शेंबडं पोर.
आणि काहीच वाजत नसेल, नुसती
फळीवर पेन्सिल टकटकत असेल, तर मास्तर.
क्रिसोफोरो येस्कास, सान मेल्चोर यातुनीचे बँडमास्तर,
एकेचाळीस वर्षं. पगार मक्याच्या कणसांत.

मी त्यांची नकलनवीस, बासिलिया.
नऊ वर्षांची असताना माझी वही बघून म्हणाले,
"अक्षर गचाळ आहे, पण टिंबं छान काढतेस."
तेव्हापासून टिंबंच काढतेय.

खेचरवाल्याचा मुलगा. मुळाक्षरांआधी स्वरलिपी शिकलेला.
विशीत राजधानीला जाऊन आला, लष्करी बँडात.
तिथून काय आणलंत, विचारलं तर म्हणायचे, बूट.
खरं तर ट्रंकभर कोरा कागद आणला होता,
पाच रेघांचा, सरकारी शिक्क्याचा, चोरीचाच म्हणा.
तो संपेपर्यंत लिहायचं, एवढंच ठरवलेलं.

गावात वीज आली तेव्हा एक मार्च लिहिला.
दिवे आधी लागले, मार्च कुणी ऐकलाच नाही.
कॉफीचा भाव पडला त्या साली एक वाल्ट्झ,
त्याच्या दुसऱ्या भागात चक्क हसू येतं.
पाद्रीबाबांच्या अंत्ययात्रेत ज्यावर सगळं गाव रडलं
ते मुळात वडिलांच्या म्हाताऱ्या खेचरासाठी होतं.
हे फक्त मला ठाऊक. आता तुम्हाला.

मग फिदेन्सिओ गेला. पहिलं क्लॅरिनेट.
लॉस एंजेलिसला, भांडी घासायला.
मी म्हटलं, त्याची ओळ धाकट्याला देऊ?
"विराम लिही," म्हणाले. "बारा आवर्तनं.
आणि वर नाव घाल."

पुढच्या वर्षी दोन ट्रम्पेट गेले. मग हॉर्न, भाऊभाऊ दोघंही.
मग झांजवाली एर्मेलिंदा, पोटात पोर घेऊन.
प्रत्येकाचा विराम निराळा: कुणाचा चार, कुणाचा वीस.
हिशेब काय, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.
माझी शाई वाचू लागली. पानं पांढरी पडू लागली.
चौकात वाजवताना मध्येच सगळं थांबायचं,
परगावचे पाहुणे टाळ्या वाजवायचे, संपलं समजून,
आणि मास्तर, रिकाम्या खुर्चीकडे बघत,
हात खाली न घेता, ताल धरून उभे.
खुर्चीला इशारासुद्धा द्यायचे: आता तू.

ते गेले तेव्हा ट्रंकेत एक कागद उरला होता.
त्याचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही.

मग शहरातून एक प्राध्यापक आले, चांगला माणूस.
सगळं संगणकावर उतरवून घेतलं,
म्हणाले, "विराम फार झालेत. वादक कमी होते, समजू शकतो."
मोठ्या नाट्यगृहात वाजला तो वाल्ट्झ, पन्नास वाद्यांवर.
चार मिनिटं. आमच्याकडे सात लागतात.
छान वाजला. आम्ही टाळ्या वाजवल्या,
रात्रीच्या बसने वर आलो, कुणी फार बोललं नाही.

यंदा वर्षश्राद्धाला एलिखियोच्या नातवानं
पहिल्या क्लॅरिनेटच्या खुर्चीवर फोन ठेवला, चालू.
पलीकडे फिदेन्सिओ. वाद्य त्यानं कधीच विकलंय.
आम्ही सुरू केलं. त्याची जागा आली, थांबलो.
फोनमधून नळाचं पाणी आलं,
ताटांवर ताटं, कुणीतरी परक्या भाषेत ओरडलं,
मग नळ बंद. आणि त्याचा श्वास, मोजणारा.

नंतर म्हणाला, "मी तेरा मोजली."
म्हटलं, "बाराच आहेत.
तू नेहमीच रेंगाळायचास."